सेहेचाळीसचं माप

माझी उंची पाच फूट एक इंच. खुर्ची, ओटा, वर्गातला फळा, सगळ्यांशी मी जमवून घेतलेलं आहे. फळ्याच्या वरच्या पट्टीत मी काही लिहीतच नाही. रोड बाइकशी मात्र असं जमवून घेता येत नाही. ती मापाचीच लागते, नाहीतर मान, खांदे आणि तळहात घरी येईपर्यंत भांडत बसतात. हे ज्ञान मला प्रेमात पडल्यावर झालं. आधी झालं असतं तर पडले नसते, असंही नाही.

प्रेमात पडण्याची जागा अगदी रुक्ष होती. साताऱ्याजवळचं हायवेवरचं हॉटेल. पुण्याहून निघालेले ब्रेव्हेचे रायडर तिथं थांबले होते. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, वाटेत कार्डावर शिक्के घ्यायचे. पहिला-दुसरा असा नंबर कुणाचाच नाही. मी माझ्या सरळ हँडलच्या हायब्रिडवर सकाळची फेरी मारून चहाला आलेले. भिंतीला सायकली टेकवलेल्या होत्या, बहुतेक काळ्या. त्यांत एक वेगळीच. आमच्या पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना जो ऑइलपेंट असायचा, उन्हानं विटलेला, निळा म्हणावा तर हिरवट, नेमका तो रंग. नळीवर नाव होतं बियांकी. मालक पोहे खात होता. त्याला मी काहीच विचारलं नाही. चहा निवेपर्यंत तिच्याकडे बघत बसले, एवढंच.

त्या रंगाला चेलेस्ते म्हणतात, हे त्या रात्री वाचलं. एदोआर्दो बियांकीनं १८८५ मध्ये मिलान शहरात व्हिया निरोने नावाच्या रस्त्यावर, सात नंबरच्या जागेत दुकान थाटलं. कंपनीच्या एका सायकलीचं नावच ‘व्हिया निरोने ७’ आहे, म्हणजे चक्क दुकानाचा पत्ता. रंगाबद्दल दंतकथा पुष्कळ. इटलीच्या राणी मार्गेरिताच्या डोळ्यांचा रंग, मिलानच्या आभाळाचा रंग, किंवा लष्कराकडचा उरलासुरला रंग मिसळून झालेला. मला तिसरी पटते. कारखानदार माणूस डबे वाया घालवत नाही. फाउस्तो कोप्पीनं १९४९ आणि १९५२ साली जिरो द’इतालिया आणि तूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती एकाच वर्षात जिंकल्या, त्या बियांकीवर. १९९८ मध्ये मार्को पांतानीनं तेच केलं. पांतानी घाटाचा राजा आणि अंगानं लहानखुरा, असं सगळे लिहितात. त्याची उंची बघितली तर जवळपास पाच फूट आठ इंच! लहानखुरा म्हणे.

मग पुण्यातल्या दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सायकली सुंदर, पण सगळ्यांच्या फ्रेमचं माप पन्नासच्या वर. एका दुकानातला पोरगा म्हणाला, “मॅडम, सीट खाली घेतलं की बसून जाईल.” सीट खाली घेतल्यानं पाय टेकतात, हात लांब होत नाहीत. त्याला हे सांगितलं तर त्यानं हँडल वर करून दाखवलं.

मी शाळेत गणित शिकवते. कंपन्या प्रत्येक फ्रेमचा तक्ता देतात, तो उतरवून घेतला आणि आलेखाच्या कागदावर काढायला बसले. स्टॅक म्हणजे पेडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, आणि रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. कागदावर काढल्यावर गोम सापडली. माणूस बुटका असो की ताडमाड, रोड बाइकचं चाक तेच, ६२२ मिलीमीटर व्यासाच्या रिमचं. फ्रेम लहान करत गेलं की पुढचं चाक पायाच्या जवळ येतं आणि वळताना बुटाचं टोक टायरला घासतं. ते टाळायला कंपन्या पुढची नळी जास्त कलती करतात आणि सीटची नळी जास्त उभी. त्यामुळे वरची नळी तक्त्यात छान आखूड दिसते, पण सीट मागे सरकवून नीट बसलं की हातांना पडायचं ते अंतर पडतंच. थोडक्यात, लहान फ्रेम म्हणजे मोठीच फ्रेम, फक्त कोन वाकडे केलेली. जॉर्जेना टेरी नावाच्या अमेरिकन इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि बुटक्या बायकांसाठी पुढचं चाकच लहान केलं, २४ इंची. त्या सायकली दिसायला जरा विचित्र, पण हिशेब अगदी चोख. बाकीच्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. रंग गुलाबी करणं स्वस्त पडत असावं.

मला तर चेलेस्तेच हवी होती. तक्त्याप्रमाणे सेहेचाळीसची फ्रेम आणि हँडल फ्रेमला जोडणारी स्टेम थोडी आखूड, एवढ्यात माझं भागणार होतं. नवी परवडणार नव्हती. परदेशी सायकलीवर कस्टम ड्यूटी भारी, २०२३ च्या अर्थसंकल्पात ती ३० वरून ३५ टक्के झाली. म्हणून जुन्याच्या जाहिराती चाळायला लागले. चोपन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न. विकणारे सगळे उंच पुरुष.

आणि एकदाची ती आली: व्हिया निरोने, चेलेस्ते, सेहेचाळीस, मुक्काम कोथरूड. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, शिमानो टियाग्राचे गिअर. फोनवर मुलगा म्हणाला, “काकू, ताईची आहे. ती कॅनडाला गेली.”

जाताना पर्समध्ये शाळेची बारा इंची स्टीलची पट्टी घेतली. चेन नवी असली की बारा जोड बरोबर बारा इंच भरतात. एक षोडशांश इंच जास्त भरले तर चेन बदलायची. एक अष्टमांश भरले तर मागच्या दातेरी चकत्यांची कॅसेटही गेली समजायचं. मुलगा आधी पट्टीकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला. चेन एक षोडशांशाच्या जरा पुढे होती, म्हणजे चेनचे पैसे कमी करून मागता येतील. रिमवर ब्रेक घासतात तिथं बोट फिरवलं, खोलगट लागलं नाही. पुढच्या नळीच्या जोडापाशी आणि पेडलच्या आसाभोवती टॉर्च मारला. अ‍ॅल्युमिनियमला तडा जातो तो सहसा अशा जोडांपाशी. सीटपोस्ट काढायला लावला, कारण वर्षानुवर्षं हलवला नाही तर तो आत जाम होतो. सुटला. मग मी बसले. हात कुठं पोचतात ते बघितलं आणि भाव करायची इच्छाच गेली. तरी केला. पंचावन्न सांगितले होते, पन्नास हजारांना ठरलं. भिशी नुकतीच लागली होती.

दोन्ही चाकं काढल्यावर सायकल आमच्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर मावली. नवरा साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी घाट येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, “अगं, एवढ्यात जुनी स्कूटर आली असती.” घरी सासूबाईंनी सायकल बोटानं उचलून बघितली, हलकी म्हणून कौतुक केलं, आणि किंमत ऐकल्यावर विचारलं, “पाय आपलेच मारायचे ना? मग पैसे कशाचे?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

पुढचे काही आठवडे एलन कीचे. जांघेपासून टाचेपर्यंत माझं माप ७२ सेंटिमीटर. ग्रेग लेमाँडच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र म्हणतं, याला ०.८८३ नं गुणा. आलं साडेत्रेसष्ट, तेवढ्यावर सीट. नव्वदची स्टेम काढून सत्तरची बसवली. क्रँक १७० मिलीमीटरचे होते, ते १६५ चे केले. फरक पाचच मिलीमीटरचा, पण पाय वर येताना गुडघा छातीत घुसेनासा झाला. ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर बोटांजवळ येते. इतका उपयोगी स्क्रू इतका लपवून का ठेवतात, देव जाणे.

त्या स्क्रूची किंमत यवतेश्वर घाटाच्या उतारावर कळली. समर्थ मंदिरापासून वर चढणं गिअरचं काम. पुढे ३४ दातांची चकती, मागे ३२. हळूहळू का होईना, जाता येतं. उतरताना मात्र हायब्रिडवर माझी नेहमी गाळण उडायची. इथं हात हँडलच्या खालच्या वळणात गेले, अंग खाली आलं, दोन बोटं लिव्हरवर सहज बसली आणि वळणाच्या आधी ब्रेक जितका हवा तितकाच लागला. सातारा शहर, अजिंक्यतारा किल्ला, सगळं दिसत असणार. मी रस्त्यावरची खडी बघत होते. मागून आलेला एक मोटारसायकलवाला बराच वेळ मागेच राहिला आणि शेवटी ओव्हरटेक न करता हॉर्न देऊन आपल्या वाटेनं वळला. हे मी घरी दोनदा सांगितलं.

बुटाचं टोक अजूनही टायरला लागतं, अगदी हळू वळताना. अंगणात वळवायची असली की मी उतरते.

हँडलची पांढरी टेप मी काढून टाकली आणि काळी गुंडाळली, कारण चेनचं तेल आणि खडू दोन्ही हातांना कायमचे. फोटो कोथरूडला पाठवला. संध्याकाळी मुलाचा मेसेज आला: “काकू, ताई चिडलीय. चेलेस्तेला काळी टेप लावतात का, असं विचारतेय.” मी लिहिलं, तिला सांग, सीट अर्धा सेंटिमीटर खाली होतं, ते मी वर घेतलंय. त्यावर थेट कॅनडातून उत्तर आलं: “ते मला माहीत होतं. पोस्ट जाम झाला असेल म्हणून धाकट्याला हात लावू दिला नव्हता.”