त्याआधी नाही

घड्याळाचं वय तबकडीवरून ठरवू नये. तबकडी रंगवून घेता येते, काटे बदलता येतात, पेटी तर गावचा सुतारही करून देतो. खरं वय आतल्या मशिनवर असतं, आणि मशिनही ते क्वचितच सरळ सांगतं. जुन्या जर्मन मशिनवरच्या बहुतेक खुणा एवढंच म्हणतात: त्याआधी नाही.

आमच्या कोकणातल्या घरी माजघरात लंबकाचं, टोल्यांचं घड्याळ होतं. रविवारी दोन्ही चाव्या द्यायचा मान आधी आजोबांचा, मग बाबांचा. ‘कधीचं हो हे?’ असं विचारलं की ‘पणजोबांच्या वेळचं’ एवढ्यावर विषय संपे. घराची वाटणी झाली आणि घड्याळ माझ्याबरोबर पुण्याला आलं. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मशीन बाहेर काढून, पितळी मागची पट्टी रॉकेलने पुसून माझ्यासमोर धरली. मधोमध आठ टोकांचा तारा, ताऱ्यात ‘जे’. म्हणजे युंगहान्स, ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्रामबेर्ग गावचा, १८६१मध्ये सुरू झालेला कारखाना. हा तारा त्यांनी १८९०मध्ये घेतला, तेव्हा त्याआधीचं हे घड्याळ नव्हे. ताऱ्यापासून थोड्या अंतरावर बारीक ठसा होता: ‘बी १२’. युंगहान्सची ही रीत ठाऊक असली की काम सोपं होतं. ‘ए’ म्हणजे वर्षाचा पूर्वार्ध, ‘बी’ म्हणजे उत्तरार्ध. आमचं मशीन १९१२च्या उत्तरार्धात ठोकलं गेलं होतं. ऑगस्ट १९१४मध्ये महायुद्ध पेटलं आणि जर्मन मालाला हिंदुस्थानची दारं बंद झाली. पणजोबांनी ते नवं घेतलं असेल आणि युद्धाआधी घेतलं असेल, तर खरेदीला जेमतेम दोन वर्षांची फट उरते.

इतके मोकळे कारखाने थोडे. बाकीच्यांच्या बाबतीत अक्षरांवरून माग काढावा लागतो. परदेशी मालावर त्याचं मूळ छापा, असा कायदा विलायतेत १८८७ला झाला आणि तशाच धर्तीचा हिंदुस्थानात १८८९ला. ‘मेड इन जर्मनी’ दिसलं की ही वर्षं आठवायची. ‘डी.आर.पी.’ म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, ते १८७७पासून, ‘डी.आर.जी.एम.’ ही त्याची धाकटी नोंदणी, १८९१पासून. १९४५मध्ये राज्य बुडालं तशी ही अक्षरंही थांबली. ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘जी.डी.आर.’ असेल तर १९४९च्या अलीकडे यायचं. देश मोडले, जोडले, आणि त्याच्या नोंदी रुपयाएवढ्या पितळेवर राहिल्या.

पुढे नोकरीने मला काही वर्षं श्टुटगार्टला नेलं. तिथल्या जुन्या बाजारात एक हातघड्याळ घेतलं. तबकडीवर कुण्या दुकानदाराचं नाव, खाली ‘वेस्ट जर्मनी’. झाकण उघडून डोळ्याला भिंग लावलं. हातघड्याळाच्या मशिनची ओळख बॅलन्सच्या चाकाखाली लपलेली असते. चाक डुलत असताना त्याच्या आऱ्यांमधून तुकड्यातुकड्याने अक्षरं दिसतात. मी चाक सुईने अलगद थोपवलं आणि वाचलं: ‘डुरोवे’, शेजारी मॉडेलचा आकडा. फोर्त्सहाइम गावातला हा कारखाना १९३३चा. मशिनं बनवायची आणि इतरांना विकायची, हा त्याचा धंदा. २३ फेब्रुवारी १९४५च्या हवाई हल्ल्यात त्या गावातली सुमारे सतरा हजार माणसं मेली. त्यानंतर तिथे पुन्हा घड्याळं होऊ लागली, त्यांतलं हे एक.

बाकीचं चाकानेच सांगितलं. जुन्या चाकाची कड दोन धातूंची आणि कापलेली असे, कारण पोलादी निळी हेअरस्प्रिंग उन्हाळ्यात ढिली पडे आणि तिची भरपाई चाकाला करावी लागे. तिशीच्या दशकात उष्णतेला न बधणारा निव्हारॉक्स मिश्रधातू आला आणि कापलेल्या कडेची गरज संपली. माझ्या घड्याळात चाक अखंड होतं, स्प्रिंग पांढुरकी, आणि वरच्या खड्यावर धक्का झेलणारी चिमुकली कमान. पन्नाशीच्या दशकातलं, एवढं मी छातीठोकपणे म्हणेन. १९५३ की १९५६, ते नाही. शिवाय एखादा भाग नंतर बदललेला असेल, तर तो मशिनचं वय सांगत नाही, दुरुस्तीचं सांगतो.

ही विचाराची पद्धत मला परकी वाटली नाही. ती आजीची होती. तिची जन्मतारीख कुणी लिहिलीच नव्हती. ‘मानमोडी आली तेव्हा मी आईच्या अंगावर पीत होते,’ असं ती सांगे. मानमोडीची साथ १९१८ची; म्हणजे आजी त्यानंतरची नाही, आणि फार आधीचीही नाही. बाबांची तारीख मात्र शाळेच्या दाखल्यावर ठसठशीत आहे: १ जून. त्या काळी अर्धा वर्ग १ जूनलाच जन्मलेला असे. मास्तरांना तीच तारीख सोयीची. आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली, ‘छे, भात कापायला आलं होतं तेव्हाचा हा.’ दाखल्यावर दिवस, महिना, वर्ष सगळं होतं आणि ते खोटं होतं. आजीकडे नुसतं पिकलेलं भात होतं.

सरकारी नोकरीने अर्थात दाखला मानला. बाबा ३१ मेला निवृत्त झाले, आजीच्या हिशेबाने चार-पाच महिने आधी.

माझी घड्याळं बघायला येणारे एकच साल मागतात. मी दोन सांगतो, अलीकडचं आणि पलीकडचं. काहींना ते अडाणीपणाचं वाटतं. वाटू दे. पुराव्यापेक्षा नेमकी तारीख कुणी सांगू लागलं की मला तो १ जूनचा दाखला आठवतो, आणि मी आधी मशीन उघडायला सांगतो.