शेटलंडचा आगबोटवाला

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून संध्याकाळी सुटणारी बोट रात्रभर उत्तरेला जाते आणि सकाळी शेटलंड बेटांतल्या लेरविकला लागते. धक्क्यापासून जवळच, ग्रेमिस्टाच्या किनाऱ्यावर १७८० साली बांधलेले दगडी घर आहे. मासेमारीचे सामान आणि राहती बिऱ्हाडे एकाच छपराखाली असत. पी अँड ओ या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, आर्थर अँडरसन, १७९२ मध्ये इथेच जन्मला.

पोरवयात तो किनाऱ्यावर मासे खारवून दगडगोट्यांवर वाळत घालण्याच्या कामाला होता. १८०८ मध्ये आरमारात गेला. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपल्यावर लंडनमध्ये ब्रॉडी विलकॉक्स या जहाजदलालाकडे कारकून लागला आणि पुढे त्याचा भागीदार झाला. पोर्तुगाल आणि स्पेनमधल्या यादवीत दोघांनी तिथल्या राण्यांच्या पक्षाला मदत केली. कंपनीच्या निशाणावर पोर्तुगालचा निळा-पांढरा आणि स्पेनचा लाल-पिवळा रंग आला तो त्यामुळेच.

धंद्याला स्थैर्य आले ते डाकेच्या कंत्राटाने. आगबोटी कोळसा भरमसाट खात, उतारूंचा भरवसा नसे. सरकारी रक्कम मात्र ठरलेली. ऑगस्ट १८३७ मध्ये स्पेन-पोर्तुगालची साप्ताहिक डाक मिळाली आणि पुढच्याच महिन्यात ‘डॉन हुआन’ ही बोट तारिफाजवळ खडकावर चढली. अँडरसन पत्नीसह तिच्यावरच होता. बोट गेली, उतारू आणि डाक बचावली. कंत्राटही टिकले. १८४० मध्ये राजसनद मिळाली. १८४२ मध्ये ‘हिंदोस्तान’ साउदॅम्प्टनहून कलकत्त्याला निघाली.

सुएझ कालवा अजून व्हायचा होता. हिंदुस्थानाकडे जाणारे उतारू अलेक्झांड्रियाला उतरून नाईलमार्गे कैरोला येत, तिथून घोडागाड्यांनी वाळवंट ओलांडून सुएझ गाठत. सामान आणि कोळसा उंटांवर. सुएझ-मुंबई मार्ग ईस्ट इंडिया कंपनीने १८५४ पर्यंत हातचा सोडला नाही. त्यानंतर मुंबईची विलायती डाक पी अँड ओच्या बोटींनी येऊ लागली. याच बोटींनी मुंबईहून माळव्याची अफूही चीनला नेली. अँडरसनच्या दानधर्माविषयी लिहिताना ही कमाई झाकून ठेवणे योग्य नाही.

गावी त्याने पैसा सढळ हाताने खर्च केला. कोळी जमीनदारांच्या कर्जात अडकलेले असत. त्यांना मोकळा बाजारभाव मिळावा म्हणून १८३७ मध्ये त्याने मासेमारी कंपनी काढली. लेरविकच्या दक्षिण टोकाला त्याच्या १८६२ च्या शाळेची जुनी इमारत आणि १८६५ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेली विधवांची घरे आहेत. १८६८ मध्ये तो वारला. शाळा २०१७ मध्ये नव्या इमारतीत गेली. नाव अँडरसनचेच राहिले.