दांडा आणि भिंत

ग्लँड थेंब थेंब गळलाच पाहिजे, हे ज्याला कळलं त्याला पंप कळला. नट आवळून गळती पार बंद केली की शेतकरी खूश होतो, आणि थोड्याच दिवसांत जळक्या दोरीचा वास आला म्हणून फोन करतो. ग्लँडमध्ये भरलेल्या दोरीला पाणी लागतं. फिरता शाफ्ट आणि दोरी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहिला तरच दोघं टिकतात. सांगलीच्या बाजूला माझी हयात हे थेंब मोजण्यात गेली. किती गळू द्यायचं हे मी नुसत्या बोटानं सांगायचो, आणि लोकांनी ते चारचौघांत बोलून दाखवावं अशी माझी अपेक्षाही असायची.

मग हात थरथरायला लागले. वायंडिंगची तार खाचेत घालताना इन्सुलेशन खरवडलं गेलं तर ती मोटार पुन्हा माझ्याच दारात येणार. दुकान पुतण्याकडे दिलं. घरी नातीचे लेगोचे ठोकळे होते. रिमोटवर चालणारी, बुडी मारून वर येणारी पाणबुडी त्यातून करायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं. इंजेक्शनची मोठी सिरिंज पाणी ओढून वजन वाढवते, सोडून कमी करते, हा भाग सरळ आहे. 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट पाण्यात वीतभरावर मरतो, म्हणून जुन्या खेळण्यातला 27 मेगाहर्ट्झचा काढला. ठोकळ्यांच्या पोकळीत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निसटते आणि जमवलेला तोल बिघडतो, म्हणून ते पाण्याखाली धरून हलवून घ्यायचे. हे सगळं ज्यानं केलंय त्याला ठाऊक आहे. मला छळलं ते एकाच गोष्टीनं. मोटार कोरड्या डब्यात, पंखा बाहेर पाण्यात, आणि मधल्या भिंतीतून फिरता दांडा न्यायचा.

लेगोचा दांडा गोल नसतो. अधिक चिन्हासारखा असतो, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत 4.8 मिलिमीटर, चार बाजूंना चार खाचा. ज्यानं तो काढला त्यानं गिअर घसरू नये याचा विचार केला, पाण्याचा नाही. ऑइल सील घाला, ओ-रिंग घाला, दोरी भरा. खाचेतून पाणी सरळ आत. दांड्यावर लेगोचाच बुश चढवला तर बाहेरून गोल मिळतो, सील त्यावर छान बसतो, आणि पाणी बुशच्या आतल्या फटीतून येतं. ती फट ग्रीसनं भरली. थोडा वेळ बरं चाललं, मग ग्रीस बाहेर आणि पाणी आत. लांब नळी घेऊन दोन्ही टोकांना बुश आणि मध्ये ग्रीस, हा मॉडेल बोटवाल्यांचा उपाय. त्यांचा दांडा स्टीलचा आणि गोल असतो. आमच्या नळीनं पाणी उशिरा येऊ दिलं, एवढंच. पंपाला थेंब चालतो. बॅटरी ठेवलेल्या डब्यात तो चालत नाही, आणि माझी सगळी विद्या थेंबापाशी येऊन संपत होती.

पाण्याशी भांडायचंच नाही, हाही रस्ता आहे. बोअरची सबमर्सिबल मोटार सोडण्याआधी आम्ही आपल्या हातानं तिच्यात स्वच्छ पाणी भरतो. तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं, मोटार आयुष्यभर पाण्यातच फिरते. खेळण्याच्या मोटारीत मात्र कॉम्युटेटर आणि ब्रश. गोड्या पाण्यात तीही फिरते, पण ब्रश झिजतात, तांब्यावर हिरवं चढतं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं रोसब 6000 हे यान 2010 मध्ये 5,289 मीटर खोल जाऊन आलं. इतक्या खोल जाणाऱ्या यानांत मोटारीभोवती तेल भरतात आणि आतला दाब बाहेरच्या इतका ठेवतात, म्हणजे पाण्याला आत घुसायचं कारणच उरत नाही. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या सीपर्च नावाच्या उपक्रमात छोटी मोटार फिल्मच्या डबीत ठेवून भोवती मेण ओततात. दोन्ही उपाय अस्सल. पण मेण ओतलं की ती मोटार पुन्हा खेळण्यात लागत नाही, आणि नातीनं मोटार द्यायला साफ नकार दिला.

ठोकळ्यांना एम-सील फासून पाणबुडी केली म्हणणारे मला भेटलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, चहा पाजतो आणि विषय बदलतो. ठोकळा उकलता आला पाहिजे. 1958 च्या ठोकळ्यावर आजचा बसतो, ते काय चिकटवण्यासाठी? हल्ली गल्लोगल्ली रोबोटिक्सचे वर्ग निघालेत. तिथे पेटीतून तयार सुटे भाग येतात, मुलं आठ स्क्रू लावतात, आईबाप फोटो काढतात. एकाही पोराचं बोट काळं झालेलं मी पाहिलं नाही. म्हातारा कुरकुरतोय म्हणा, हरकत नाही.

नात म्हणाली, "आबा, दांडा भिंतीतून न्यायचाच कशाला? आतल्या चाकाला लोहचुंबक, बाहेरच्या चाकाला लोहचुंबक. भोकच पाडायचं नाही."

मी म्हटलं, "अगं, ही पळवाट झाली."

निओडिमियमच्या चकत्या, चाकाच्या कडेला एकाआड एक उलट्या, समोरच्या चाकावर तशाच. आतलं फिरलं की मागोमाग बाहेरचं फिरतं. कारखान्यांत विषारी रसायनांचे पंप असेच सीलशिवाय चालतात, हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असूनही मी तिला बरेच दिवस थोपवून धरलं. भोक नसेल तर सील नाही, सील नसेल तर या कामात माझं काय? दुसरं कारण माझ्यापाशी नव्हतं.

तिचं चाक बसवलं तेव्हा ते फिरेना. चुंबक एकमेकांना ओढून दोन्ही चाकं भिंतीवर दाबत होते, मोटार नुसती गुणगुणायची. तो आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं, हे लिहून टाकतो. सबमर्सिबलच्या तळाला थ्रस्ट बेअरिंग असतं, सगळा खाली येणारा दाब त्यावर. इथेही थ्रस्टच होता. छरा चालत नाही, चुंबक त्याला धरतो. मी बायकोच्या तुटलेल्या माळेतला काचेचा मणी प्रत्येक चाकाच्या मधोमध, भिंतीला टेकेल असा बसवला. चाक कडेनं न घासता एका बिंदूवर टेकलं आणि सुटलं. तेव्हापासून येईल त्याला मी मणी दाखवतो. चुंबक कुणाला सुचले ते विचारल्याशिवाय सांगत नाही.

मळ्यातल्या विहिरीत पाणबुडी चालते. गिअरनं गती कमी करायची ती भिंतीच्या बाहेर, पाण्यात. आत केली तर चुंबकांवर जोर येतो आणि ते निसटतात. फार खोल नेत नाही. पाच मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब, म्हणजे दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या बाजूवर पाऊणशे किलो. त्याच्या कितीतरी आधी प्लॅस्टिक आत वाकतं आणि आतलं चाक जाम होतं. उसाचं पाचट पंख्यात अडकलं तेव्हा चुंबक निसटून टकटक वाजत राहिले, मोटार शाबूत. सील आणि दांडा असता तर ती जळाली असती.

तरीही सांगतो. त्या अधिक चिन्हाच्या दांड्यावर, गोंद न लावता, टिकणारा सील कुणी बसवला असेल तर मला येऊन दाखवा. मणी मी देतो.