पाय पुढे करणं

उत्तम शुक्रवारच्या आदली संध्याकाळ. वायल्डर मेमोरियल चर्चमधून परतले, पण योहानाचा तेरावा अध्याय डोक्यातून जात नाही. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र मात्र नको म्हणतो. मला वाटतं, खरी कसोटी पेत्राचीच आहे. सेवा करताना मान थोडी ताठच राहते. करून घेताना ती झुकते.

डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात आईला ठेवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेली बाई. कोवळ्या वयाची नर्स अंग पुसायला आली, तेव्हा आईनं पदर घट्ट धरला. मग हळूच सोडला. “पाठ जरा जोरात चोळ गं, पोरी,” म्हणाली.