बारावी सही

म्हापशाचे घर विकून प्रियोळास श्रीमंगेशाच्या सान्निध्यात राहावे, हा आमच्या मातोश्रींचा हट्ट. त्यांची ऐंशी उलटलेली. म्हणून आम्हीही घाई केली. विसार दिला, सामान बांधले, देव्हाऱ्यातील देवही पेटीत ठेवले.

परंतु आमचे घर घेणारे गृहस्थ आपली वडिलार्जित जागा विकून आम्हांस पैसे देणार होते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे विवाहित वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. वारस सहा, सारे विवाहित. म्हणजे सह्या बारा. अकरा झाल्या. बारावी लिस्बनच्या सूनबाईंची. त्यांचे मुखत्यारपत्र येईना. त्या न पाहिलेल्या बाईस आम्ही मनातल्या मनात किती बोल लावले, ते सांगवत नाही.

एके दिवशी प्रियोळचे घरमालक आले. बेळगावास मुलाजवळ त्यांनी घर ठरविले होते आणि तेथील मुदत सरत आली होती. ते रागावले नाहीत, इतकेच विचारले, "आपल्या सह्या केव्हा होतील?" तेव्हा उमगले, की त्यांच्या लेखी ती बारावी सही आम्हीच होतो. आम्ही सारी खरी स्थिती सांगितली आणि जमली तेवढी रक्कम आगाऊ दिली.

त्या रात्री मातोश्रींनी पेटी उघडून देव पुन्हा मांडले. म्हणाल्या, "कुशस्थळीहून आलेल्या मंगेशाला तरी मोठे देऊळ लगेच का मिळाले? तोवर दिवा का विझवायचा?" देव १५६० साली आले, देऊळ पुष्कळ मागाहून वाढले.

सात महिन्यांनी सही आली. नव्या घरात पहिला दिवा मातोश्रींनीच लावला, हे आमचे भाग्य.