कानांनी उघडलेली पेटी

काचबिंदूने माझी दृष्टी नेली, त्याला आता सहा वर्षे झाली. इंदूरच्या आमच्या घरी सारेच मला जपतात. परंतु वाचनासाठी दुसऱ्याच्या सवडीकडे डोळे लावून बसावे लागते, हे दुःख ज्याचे त्यालाच ठाऊक! सूनबाई वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि तिची स्वयंपाकाची वेळ झाली की मी आपणहून ‘पुरे’ म्हणे.

ही अडचण ‘एनव्हीडीए’ने पुष्कळ हलकी केली. पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारा हा प्रोग्रॅम मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली लिहावयास घेतला. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. आवाज यांत्रिक खरा. पण त्याला कंटाळा नाही.

मध्यंतरी वडोदऱ्याहून पुतण्याचा फोन आला. “काका, आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी संगणकात भरल्या आहेत. माझ्या सर्व्हरवर ठेवल्यात, केव्हाही उतरवून घ्या.” दूरच्या संगणकावरून फायली आणण्याची ही रीत त्या कॅसेटींहूनही जुनी. तिचा पहिला आराखडा १९७१ साली अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये लिहिला तो अभय भूषण या कानपूर आय. आय. टी.च्या पदवीधराने.

दुपारी घर निजले असता मी एकटाच बसलो. पत्ता आणि परवलीचा शब्द टंकून एंटर दाबले. शांतता. डोळस माणसाला पडद्यावर फिरते चक्र दिसते. मला मात्र काम चालू आहे की बिघडले, काही कळेना. अधीरपणे पुन्हा एंटर दाबले, तो भलत्याच कप्प्यात जाऊन पडलो! बॅकस्पेसने माघारी आलो आणि बाणाच्या कळीने एकेक ओळ ऐकू लागलो: “ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन...” असे चाळीस. आईची पेटी उघडावी आणि आतली सारी गाठोडी एकसारखीच निघावीत, तसे झाले.

पुतण्याला म्हटले, “अरे, नावे तरी दे!” तो ओशाळला. नाव द्यायचे तर आधी ऐकायला हवे, आणि त्याने एकही ओवी पुरती ऐकली नव्हती. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. “काका, मुराळी म्हणजे काय हो?” मी सांगितले: सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “आजी किती वाट पाहते हो त्याची!”

पुन्हा एकदा दुपारी बसलो. या वेळी एंटर दाबून धीर धरला. यादी आल्यावर ‘म’ दाबले: “माहेर”. पुन्हा ‘म’: “मुराळी”. उतरवण्याची आज्ञा दिली. फाईल येऊ लागली की एनव्हीडीए बारीक स्वर काढतो; काम जसजसे पुरे होते तसतसा तो स्वर चढत जातो. तो चढता चढता थांबला, आणि खोलीत आईचा आवाज आला. कोणालाही हाक मारावी लागली नव्हती.

आपल्याही घरी जुनी पत्रे, फोटो, ध्वनिफिती संगणकात जात असतील. त्यांना नीट नावे द्यावीत. हस्तलिखित पत्राच्या फोटोशेजारी त्यातील मजकूर टंकून ठेवावा. नुसता फोटो आमच्यापाशी मुकाच राहतो. एवढे केलेत, तर घरातले माझ्यासारखे माणूस आपले आपण वाचू शकेल. आणि नावे देता देता आपलेही ऐकणे, वाचणे होईल.