हाताचा गुण किती टिकतो

कंबर मोकळी झाली की पेशंट म्हणतो, "तुमच्या हाताला गुण आहे." ऐकायला हे गोड लागतं, आणि आमच्या व्यवसायाचं बरंचसं नुकसान या गोडीनेच केलं आहे. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीत फिजिओथेरपिस्टच्या हाताने येणारा आराम खोटा नसतो, पण त्याला मुदत असते. ती मुदत संपायच्या आत त्या कंबरेला हालचालीची आणि वजनाची सवय लावता आली, तरच हात लावल्याचं सार्थक होतं. नाहीतर पेशंट दर आठवड्याला येत राहतो, आपण दाबत राहतो आणि दोघांनाही वाटतं की उपचार चालू आहेत. सोलापुरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण इथली कंबर ज्या कामातून उठून आमच्या टेबलावर येते, त्याच कामावर ती लगेच परत जाते.

पूर्व भागातली विडी वळणारी बाई मांडी घालून नाहीतर पाय पसरून जमिनीवर बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कातरलेली तेंदूची पानं. मान खाली, पाठ पुढे झुकलेली, बोटं मात्र अखंड चालू. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे उठून दोन पावलं टाकायचीही किंमत मोजावी लागते. चादरी-टॉवेलच्या यंत्रमागावर नेमकं उलट असतं, तिथे पाळीभर उभं राहायचं आणि तुटलेला धागा सांधायला पुन्हा पुन्हा वाकायचं. हे पाहून "बसायची पद्धत चुकते" असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण अमुक एक बैठक कंबरदुखी आणते आणि तमुक एक टाळते, असं संशोधनातून ठामपणे निघालेलं नाही. रग लागते ती न बदलणाऱ्या स्थितीने. माझ्या मते खरी गडबड त्यानंतर होते. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्या दिवशी हीच बाई घागरी उचलते, बादल्या ओढते, पिंपं भरते. एरवी दिवसचे दिवस जवळजवळ स्थिर राहिलेल्या पाठीवर तासाभरात एवढा भार पडला, तर ती कुरकुरणारच.

आता हाताचं काम. मणक्यावर अंगठ्याने हलकेच दाब देत सांधा हलवणं (मोबिलायझेशन), स्नायू चोळून सैल करणं किंवा झटका देऊन 'कट्' आवाज काढणं (मॅनिप्युलेशन) या सगळ्यांत सरकलेलं हाड जागेवर बसतं, असं अजूनही सांगितलं जातं. तसं काही होत नाही. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. कोणता मणका आखडला आहे यावर दोन अनुभवी थेरपिस्टचंही पुष्कळदा एकमत होत नाही, तरीही दोघांच्या पेशंटना बरं वाटतं. म्हणजे परिणाम हाडावर कमी आणि मज्जासंस्थेवर जास्त होतो. वेदनेची धार काही काळ बोथट होते, घट्ट धरून ठेवलेले स्नायू सुटतात आणि कुणीतरी नीट तपासलं याचा दिलासाही त्यात मिसळलेला असतो. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत होती. ताजी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय मात्र पायाळूला जातं. आमची बरीच कीर्तीही त्याच जातीची आहे, हे मान्य करायला हरकत नसावी. जुन्या दुखण्यात ही सवलत मिळत नाही.

व्यायामाचा पुरावा पाहू. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात जुन्या कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या २४९ चाचण्या एकत्र केल्या होत्या. काहीच उपचार न करणाऱ्यांच्या किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांची वेदना शंभरपैकी सरासरी १५ गुणांनी कमी निघाली. हा आकडा चमत्काराचा नाही. तो ज्यांना थोडा वाटतो त्यांनी गोळ्यांचे आणि मशिनचे आकडे जरूर पाहावेत. ब्रिटनमधल्या १,३३४ पेशंटच्या चाचणीत (२००४) मॅनिप्युलेशन आणि त्यानंतर व्यायाम अशी जोडी दिली, तेव्हा तीन महिन्यांनी माफक फायदा दिसला आणि वर्षाने तो आणखी कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम, समजावून सांगणं, मसाज आणि मणक्याची मॅन्युअल थेरपी यांना जागा दिली. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि कमरेचे पट्टे मात्र नित्याच्या उपचारांतून वगळायला सांगितले. आपल्याकडच्या कितीतरी क्लिनिकचं भाडं याच तीन गोष्टींवर निघतं, ही गोष्ट वेगळी.

यावर पहिला आक्षेप येतो की फायदा इतका माफक असेल तर हात लावायचाच कशाला? कारण दुखण्याच्या भीतीने जी वाकायलाच तयार नाही, तिला व्यायामाचा कागद देऊन उपयोग नसतो. दहा मिनिटांच्या मोबिलायझेशननंतर ती जर वाकली आणि काही बिघडलं नाही हे तिने स्वतः अनुभवलं, तर त्या वाकण्याचं मोल मोठं आहे. म्हणून पहिल्या तीन-चार बैठकांत हात आणि पुढे हात कमी करत जाणं मला पटतं. दुसरा आक्षेप एमआरआयचा. "मणक्यात गॅप आहे, चकती सरकली आहे, मग व्यायाम कसा करायचा?" २०१५ च्या एका आढाव्यात कसलंही दुखणं नसलेल्यांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन तपासले, तर विशीतल्या ३० टक्क्यांची आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची चकती फुगलेली दिसली. फोटोतला दोष आणि दुखणं यांची गाठ दर वेळी बसतेच असं नाही. मात्र पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, बैठकीच्या जागेला बधिरपणा असेल, ताप किंवा वजन घटणं सोबत असेल, तर हात आणि व्यायाम दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला? कामातले श्रम आणि व्यायाम यांत फरक असा की कामात भार किती, कधी आणि किती वेळा हे ती ठरवत नाही. व्यायामात ते आपण ठरवतो आणि हळूहळू वाढवतो. म्हणून क्लिनिकमधल्या रंगीत रबरी पट्ट्यांपेक्षा घरातली घागर बरी. आधी रिकामी घागर गुडघे आणि नितंब वाकवून उचलायची, आठवड्याने चौथाई भरून, मग अर्धी. पाणी न येणाऱ्या दिवशीही आठ-दहा वेळा, म्हणजे पाण्याचा दिवस शरीराला परका राहत नाही. जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठणं, पाठीवर झोपून कंबर वर उचलणं, दर शंभर विड्यांनंतर उभं राहून चार वेळा मागे वाकणं एवढं पुरे. चालण्याचाही पुरावा चांगला आहे. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत (२०२४) कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, तेव्हा दुखणं उलटायला लागलेल्या दिवसांचा मध्यक २०८ निघाला, इतरांना ११२. ती माणसं इथल्या विडी वळणाऱ्या बायकांसारखी नव्हती आणि ते ऊनही सोलापूरचं नव्हतं. इथे एप्रिल-मे महिन्यांत चालणं सकाळी सातच्या आत उरकावं लागतं, आणि त्याच वेळी चूल आणि डबे असतात.

इथे येऊन माझा युक्तिवाद थोडा अडतो, हे खरं आहे. शंभर विड्यांमागे अर्धं मिनिट उठायला सांगणं म्हणजे रोजच्या हिशेबातून मिनिटं मागून घेणं. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कामाचे तास आणि मधली सुट्टी ठरवली ती कारखान्याच्या आवारापुरती. उंबऱ्याच्या आत बसलेल्या बाईला ती सुट्टी कुणी दिली नाही. म्हणून व्यायाम सांगताना तिच्या दिवसातली जागा तिलाच विचारून ठरवावी लागते: पानं भिजत असतात तेव्हा, तयार माल विडी कंपनीच्या ब्रँचला पोचवून परतताना, नळाची वाट पाहताना. पुढच्या भेटीत "दुखणं किती कमी झालं?" याआधी "या वेळी पाणी कुणी भरलं?" असं विचारावं. तिने भरलं असेल आणि तरी दुसऱ्या दिवशी ती सुपाशी बसली असेल, तर त्या बैठकीत पाठीला हात लावायची गरज बहुधा नसते. घागर किती भरायची, तेवढंच ठरवायचं उरतं.